चौदा हाका

वसुमतीबाईंच्या आवाजाबद्दल चामराजपेटेतल्या त्या गल्लीत दोन मतं नव्हती. गच्चीच्या कठड्याला पोट टेकवून त्यांनी "हर्षाऽऽ" अशी हाक मारली, की ती दोन क्रॉस रस्ते ओलांडून थेट मैदानापर्यंत जात असे, आणि वाटेतला किराणावाला पुडीला दोरा गुंडाळता गुंडाळता श्रीहर्षला नुसतं बोटाने घर दाखवत असे. बारा वर्षांचा असताना श्रीहर्षला या हाकेची लाज वाटायची. विशी ओलांडली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला कॉम्प्युटर सायन्स शिकू लागला, तरी हाक तीच आणि लाजही तीच. "अगं, मी काय हरवलोय का?" असं तो चिडून म्हणे. "हरवू नयेस म्हणून," एवढंच बोलून आई ताट वाढायला घेई.

घराणं तीनशे वर्षांपूर्वी बंगळुरात आलेलं, असं अण्णा सांगत. पुरावा विचारला की विषय बदलत. अण्णा म्हणजे श्रीहर्षचे वडील, बिंदुमाधवराव. सरकारी कचेरीत कारकून. घरातलं सगळं बोलणं आईच्या वाट्याला आलं होतं आणि अण्णा 'सरी', म्हणजे 'बरं', या एका कन्नड शब्दावर संसार रेटत होते. वांगी आणा म्हटलं, सरी. वांगी किडकी निघाली, सरी. आईचं दुसरं वेड साफसफाईचं. दसरा जवळ आला की ती पदर खोचायची आणि मग घरातली एकही ट्रंक, एकही फडताळ तिच्या हातून सुटायचं नाही. एकदा अण्णांनी वीस वर्षं जपलेली जुनी पाकिटं तिने याच भरात रद्दीत घातली होती. अण्णा सरी म्हणाले आणि दोन दिवस जेवताना मान वर केली नाही.

श्रीहर्षला गेम बनवायचा होता. खेळायचा नव्हता, बनवायचा होता, आणि हा फरक घरात कुणाला समजावून सांगता येत नव्हता. कॉलेजात तरी कुठे येत होता? प्रोजेक्ट गाइड रत्नाकर सर म्हणाले, "गेम? प्रोजेक्ट म्हणजे पगारपत्रक, लायब्ररी, हॉस्पिटल. गेम पोरं शिवाजीनगरच्या पार्लरमध्ये खेळतात." पण श्रीहर्षच्या डोक्यातून तो जाईना. त्याच्या गेममध्ये संध्याकाळी करंट गेलेला असतो, गल्ल्या काळोखात बुडालेल्या असतात आणि एका मुलाला घरी पोचायचं असतं. पडद्यावर त्याच्याभोवतीचं हातभर तेवढं दिसतं. अंगावर ऑटो येतात, कुत्री येतात. घर कुठे आहे ते डोळ्यांना कळत नाही, कानांना कळतं: गच्चीवरून आई हाका मारत असते, घराजवळ जावं तशी हाक मोठी होते, चुकीच्या गल्लीत शिरलं की बारीक होते. हाका संपायच्या आत घर गाठायचं.

त्याचा जोडीदार अजित पुण्याहून शिकायला आलेला, मल्लेश्वरमला खोली घेऊन राहणारा. तो हे ऐकून म्हणाला, "यार, भारी आहे. फक्त नाव बदल." मग दोघांनी कागदावर 'ध्वनीच्या तीव्रतेवरून मार्ग शोधणारी संगणक प्रणाली' असं लांबलचक लिहून दिलं आणि रत्नाकर सरांनी सही केली. अजितने बाजारात भाव करून एक साउंड कार्ड आणलं आणि लॅबमधल्या कोपऱ्यातल्या मशीनला बसवलं. हाकेच्या जागी अजून नुसती 'पीं' वाजत होती. एखादी बाई गाठून आवाज घेऊ, असं दोघांनी ठरवलं होतं.

जून महिन्यात आईचा आवाज बसला. सगळ्यांनी आपापलं औषध सांगितलं. हळद-दूध, लवंग, ज्येष्ठमध. पंधरा दिवसांनी डॉक्टर झाले, मग मोठे डॉक्टर, मग गळ्यातला तुकडा काढून तपासणं. स्वरयंत्रावर गाठ होती आणि ती चांगली नव्हती. स्वरयंत्र काढायला हवं, जीव वाचेल, आवाज वाचणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. अण्णा त्यांनाही सरी म्हणाले. बाहेर आल्यावर मात्र ते भिंतीला हात लावून बराच वेळ उभे राहिले, आणि श्रीहर्षला कळेना की त्यांना धरावं की नको.

तारीख ठरली, जुलैतली. मध्ये दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत श्रीहर्षला सुचलं, आणि सुचल्याबरोबर त्याला स्वतःची शरम वाटली, इतके दिवस आपण 'एखादी बाई' शोधत होतो म्हणून.

शनिवारी दुपारी तो आईला लॅबमध्ये घेऊन गेला. तिने इस्त्रीची साडी नेसली होती आणि अजितसाठी डब्यात चकल्या आणल्या होत्या. चपला बाहेर काढाव्या लागल्या, कारण लॅबमध्ये धूळ चालत नसे. हा नियम तिला फार आवडला. अजितने तिला खुर्चीवर बसवून मायक्रोफोन पुढे धरला. "काकू, नेहमी मारता तशीच मारा. टेन्शन घेऊ नका."

आईने मायक्रोफोनकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या श्रीहर्षकडे पाहिलं. आवाज घोगरा झाला होता, पण शब्द स्पष्ट होते. "कुणाला मारू रे हाक? तू तर इथेच उभा आहेस. स्वल्प लांब जा बघू."

म्हणून श्रीहर्ष बाहेर गेला, कॉरिडॉरच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ. तिथून त्याने आईच्या हाका ऐकल्या. एकेक हाक झाली की अजित बटण दाबायचा आणि उघड्या दारातून बोट वर करायचा. हर्षाऽऽ. हर्षा, दूध निवतंय. हर्षा, अण्णा आले बघ. हर्षा, बेगा ये रे, लवकर. हर्षा, आता मी खाली उतरले तर बघ. घोगऱ्या गळ्यातूनही ताकद तीच होती. वरच्या मजल्यावरचे दोघे-तिघे जिन्यात येऊन वाकून बघून गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या हाकेची लाज वाटली नाही. तेराव्या हाकेला तिचा श्वास पुरेना. चौदावी तिने मोठ्याने मारलीच नाही, तो शेजारीच झोपला असावा तशी म्हणाली, "हर्षा, ये बाळा." तेवढ्या लांबून ती त्याला ऐकूच आली नाही. अजितने हात हलवून 'झालं' म्हटलं, तेव्हा तो परत आला.

"ऐकवू का आई?" त्याने विचारलं.

"आत्ता कशाला? आत्ता आहे ना माझ्याजवळ," ती म्हणाली. "नंतर ऐकेन. मला नसेल तेव्हा."

ऑपरेशन झालं. आई वाचली. गळ्याच्या खाली एक भोक राहिलं, त्याच्यावर पांढरा कपडा आला, आणि घरात एक पाटी आली, शाळेतली, लाकडी चौकटीची. आई तिच्यावर लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची. घर इतकं शांत झालं की अण्णांनाच बोलावं लागू लागलं. ते बाजारातून आले की भावांची सगळी यादी वाचल्यासारखे सांगत. श्रीहर्षला जेवायला बोलवायचं असलं की आई गच्चीच्या कठड्यापाशी उभी राहून स्टीलच्या ताटावर पळी वाजवी. टण टण, टण टण. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा श्रीहर्ष मैदानाच्या कडेला उभा होता, आणि तो तिथेच मातीत खाली बसला.

हाका गेममध्ये बसवायला सप्टेंबर उजाडला. ते काम अजितने एकट्याने केलं; श्रीहर्षला त्या पहिल्यांदा आईबरोबरच ऐकायच्या होत्या. चौदा हाका मिळून एका फ्लॉपीत मावल्या; दुसऱ्या फ्लॉपीत प्रोग्रॅम. एका संध्याकाळी त्याने फ्लॉपी घरी आणून आईला दाखवली. "हे प्लास्टिक म्हणजे नुसतं घर. हे बघ," असं म्हणून त्याने कडेचं पत्र्याचं झाकण नखाने सरकवलं. आत काळी-तपकिरी पातळ तबकडी चमकली. "हिच्यावर आहेस तू. हात नको लावूस हं."

आईने बोट लावलं नाही. तिने वाकून कितीतरी वेळ त्या बारीक फटीत पाहिलं. मग पाटीवर लिहिलं: 'नवमी होऊ दे. पूजा झाली की ऐकते.' श्रीहर्ष म्हणाला, सरी. दसऱ्यानंतरच्या शनिवारी अण्णांनी आणि तिने लॅबमध्ये यायचं, असं ठरलं. तिने कॅलेंडरवर त्या तारखेभोवती पेन्सिलीने गोल काढला.

नवमीच्या आधी कॉलेजात सगळीकडे साफसफाई निघाली. लॅबमध्येही निघाली, आणि लॅबची साफसफाई म्हणजे झाडू, फडकं आणि हार्ड डिस्क. वर्षभरात पोरांनी फ्लॉप्यांमधून आणलेले व्हायरस मशीनमध्ये बुजबुजले होते, तेव्हा सगळी मशीनं कोरी करून पूजेला ठेवायची, अशी नोटीस आठ दिवस आधी दारावर लागली. ज्याने त्याने आपापलं काम फ्लॉपीवर घेऊन जावं. श्रीहर्षने घेतलं. एकदा नाही, दोनदा घेतलं, कारण फ्लॉपीचा भरवसा नसतो हे त्याला शिकवलेलं होतं. दोन संच, चार फ्लॉप्या.

त्यांच्या घरची रीत अशी होती, की नवमीला ज्याची जी विद्या असेल ती सगळी देवापुढे ठेवायची. अण्णांचं फाउंटन पेन, आईची कात्री आणि विळी, श्रीहर्षची पुस्तकं. हातचं राखून काही ठेवायचं नाही, आणि एकदा ठेवलं की दशमीपर्यंत शिवायचं नाही. श्रीहर्ष पूजेसाठी वस्तू मांडत होता तेव्हा एक संच कपाटात ठेवावा असं त्याच्या मनात आलं. नाही असं नाही, आलंच. पण आईच्या गळ्यावरचा व्रण अजून ताजा होता, मोठे डॉक्टर दर महिन्याला तपासायला बोलावत होते, आणि अशा वर्षी देवापासून काही लपवून ठेवायला त्याचं मन धजेना. त्याने चारही फ्लॉप्या पुस्तकांवर ठेवल्या.

मग तो अण्णांबरोबर खाली स्कूटर धुवायला गेला. रस्त्यावर केळीचे खांब बांधलेले ऑटो उभे होते, कुंकू भरून फोडलेले कोहळे चाकांखाली आले होते. वर परतला तेव्हा आईने सगळ्या वस्तूंना गंध-कुंकू लावून शेवंतीची फुलं वाहिली होती. फ्लॉप्यांवर एकेक पिवळं फूल होतं. त्याने नमस्कार केला आणि वाटीतले चुरमुरे घेतले.

दसऱ्यानंतर लॅब उघडली ती गुरुवारी. मशीनच्या कपाळावरही कुंकवाचे टिळे होते. श्रीहर्षने हाकांची फ्लॉपी घातली. मशीनने घर्र घर्र केलं, थांबलं, पुन्हा घर्र घर्र केलं, आणि वाचता येत नाही असं पडद्यावर लिहून मोकळं झालं. त्याने तीन वेळा पुन्हा वाचायला लावलं. मग दुसऱ्या संचातली घातली. तेच. मग प्रोग्रॅमची. मग चौथी. मशीनच बिघडलं असेल असं म्हणून त्याने शेजारच्या मशीनमध्ये पुन्हा सगळ्या एकेक करून घातल्या.

अजितने एक फ्लॉपी त्याच्या हातून घेतली आणि झाकण सरकवलं. "अरे, हे काय आहे?"

तबकडीवर वाळलेलं गंध होतं आणि त्यावर कुंकू. आता त्याचा ठिपका राहिला नव्हता. मशीनने फिरवून फिरवून त्याची लाल वर्तुळं केली होती, एकात एक. चारही फ्लॉप्या तशाच. आईने पत्र्याचं झाकण सरकवून, हळूच, आत कुंकू लावलं होतं. घराला नाही लावलं, घरात जे राहत होतं त्याला लावलं. त्यानेच तर तिला दाखवलं होतं कुठे.

अजितने कुठून तरी स्पिरिट आणलं, कापसाचे बोळे केले आणि एका फ्लॉपीचं प्लास्टिक उकलून तबकडी पुसायला घेतली. बोळे लाल होत गेले. कुंकू निघालं, पण त्याच्याखाली चरे होते. "आधी पाहिलं असतं तर कदाचित," तो म्हणाला आणि मग बोलायचा थांबला. पण श्रीहर्षला उरलेलं कळलं होतं. कुंकू नुसतं पुसून निघालं असतं. मशीनमध्ये घालून ते तबकडीवर घासलं कुणी? त्यानेच. आठ वेळा.

प्रोग्रॅमचं मोठं दुःख नव्हतं; कागदावर छापून ठेवला होता, पुन्हा टाइप करता आला असता. घरात आईचा आवाज दुसऱ्या कशात होता का, ते त्याने वाटेत आठवून पाहिलं. एका चुलत बहिणीच्या लग्नाची कॅसेट होती, त्यात आई दोनदा दिसत होती आणि वर पूर्ण वेळ सनई घातलेली होती. बाकी काही नाही. जो आवाज दिवसातून दहा वेळा फुकट मिळतो, तो कोण साठवून ठेवतो?

घरी त्याने सांगितलं ते असं, की चुकीची आज्ञा दिली गेली आणि सगळं पुसलं गेलं. माझ्याच हातून. आई भाजी चिरत होती. तिची विळी थांबली.

अण्णा सरी म्हणाले नाहीत. ते उठून उभे राहिले. "चार वर्षं हेच शिकलास?" ते म्हणाले. "एवढी एक वस्तू सांभाळता आली नाही तुला?" त्यांचा आवाज फुटला आणि ते गच्चीवर निघून गेले. पुढे आठ दिवस ते श्रीहर्षशी बोलले नाहीत. त्याला ते रास्तच वाटलं. खरं सांगितलं असतं तर अण्णा हेच आईला बोलले नसते, पण आई स्वतःला बोलली असती, आणि तेही आवाज नसताना, आतल्या आत. ते त्याला बघवलं नसतं.

आईने पाटी ओढून घेतली. मग लिहिलं: 'जाऊ दे. तुला आठवतो ना?'

"आठवतो," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. त्याला शब्द आठवत होते, दूध निवतंय, अण्णा आले बघ. आवाज मात्र पकडायला गेलं की सरकत होता. आणि चौदावी हाक तर त्याने ऐकलीच नव्हती.

शनिवारी कुणी लॅबमध्ये गेलं नाही. कॅलेंडरवरचा गोल महिना उलटेपर्यंत तसाच राहिला. त्या चार फ्लॉप्या, त्यांतली एक उकललेली, आणि ते लाल बोळे श्रीहर्षला टाकून देववेनात. एका पिशवीत घालून त्याने ते आपल्या ट्रंकेत, जुन्या गाइडांच्या तळाशी दडवून ठेवले.

गेम त्याने पुरा केला. हाकांच्या जागी त्याने ताट आणि पळी घातली. टण टण, लांबून बारीक, जवळून मोठं. अजितच्या टेपवर ते घरीच रेकॉर्ड केलं, आईने गच्चीवरच उभं राहून वाजवून दिलं. परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक पाच मिनिटं खेळले आणि तीनदा हरले. रत्नाकर सरांनी मात्र विचारलं, "आईचा आवाज असणार होता ना यात?" श्रीहर्ष म्हणाला, "हा तिचाच आहे, सर." त्यांनी चांगले मार्क दिले.

पुढच्या वर्षी त्याला नोकरी लागली. विमा कंपन्यांचे हिशेब करणाऱ्या प्रोग्रॅमांचं काम, गेमचा संबंध नाही. पगार बरा होता. पुन्हा दसरा आला, आईने पदर खोचून घर साफसफाईला काढलं, आणि नवमी उजाडली. नवमीला आपली विद्या ठेवायची होती. फ्लॉपी न ठेवावी तर आई विचारील का नाही म्हणून, आणि ठेवून 'झाकण उघडू नकोस' म्हणावं तर तिला सगळंच कळेल. यावर श्रीहर्षने चार दिवस विचार केला होता आणि त्याला तोड सापडली होती. त्याने दोन कोऱ्या फ्लॉप्या विकत आणल्या. त्यांच्यावर काहीच नव्हतं. तिने खुशाल आत कुंकू लावावं, दर वर्षी लावावं; तो दर वर्षी दोन कोऱ्या फ्लॉप्या आणणार होता.

आई पाटावर बसली होती. विळीला, कात्रीला कुंकू लावून झालं. श्रीहर्षने फ्लॉपी पुढे केली, पत्र्याचं झाकण मुद्दाम तिच्या बाजूला करून, अंगठ्याने थोडं सरकवूनसुद्धा.

आईने ती दोन्ही हातांनी घेतली. झाकणावरचा त्याचा अंगठा हळूच बाजूला केला आणि झाकण मिटू दिलं. मग तिने गंधाचं बोट पदराला पुसलं, अगदी कोरडं होईपर्यंत पुसलं. कोरड्या बोटावर चिमूटभर कुंकू घेऊन ते फ्लॉपीच्या कागदी लेबलावर, झाकणापासून जितकं लांब लावता येईल तितकं लांब लावलं. दुसऱ्या फ्लॉपीलाही तसंच. वर फूल ठेवलं नाही. फूल ओलं होतं.

श्रीहर्षला ट्रंक आठवली, आणि आईच्या हातून एकही ट्रंक कधी सुटली नव्हती, हेही आठवलं. तिला केव्हा कळलं असेल? याच साफसफाईत, की गेल्याच वर्षी, कॅलेंडरवर गोल अजून होता तेव्हा? वर्षभर तो जे तिच्यापासून झाकत होता, ते ती त्याच्यापासून झाकत होती, आणि दोघं रोज एकाच पंगतीला जेवत होती. त्याला काहीतरी बोलायचं होतं. पाटी तिथेच, तिच्या गुडघ्याजवळ होती. पण आईने तिला हात लावला नाही, आणि त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिचे डोळे भरले होते आणि ते तिने गळू दिले नाहीत, कारण पुढ्यात फ्लॉप्या होत्या.

"अण्णांचं पेन दे," असं तिने हाताने खुणावलं. त्याने दिलं.